थंड पाण्यातला ट्राउट आणि ल्यूरचं तंत्र : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हंगाम उघडला की पहिल्या आठवड्यात नदीकाठी गर्दी उसळते आणि त्यातले बरेच जण संध्याकाळी हात हलवत परततात. ट्राउट मासे पाण्यातच असतात, फक्त उन्हाळ्यासारखे वागत नाहीत. नव्याने ल्यूर, म्हणजे कृत्रिम आमिष, हातात घेणारे जे प्रश्न हमखास विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. ती मुख्यतः वाहत्या पाण्याबद्दल आहेत. तलावाचा प्रश्न मध्ये येतो.

हंगामाची सुरुवात म्हणजे नेमकी कधी?

ते देशावर, प्रांतावर, कधीकधी एकेका नदीवरही ठरतं. फ्रान्समध्ये ट्राउटच्या नद्या मार्चच्या दुसऱ्या शनिवारी उघडतात. न्यूझीलंडमध्ये ऋतू उलटे, म्हणून तिथल्या बहुतेक नद्या 1 ऑक्टोबरला खुल्या होतात. परवाना घेताना मिळणारी नियमांची पुस्तिका नीट वाचा. तारखेखेरीज किमान लांबी, दिवसाला किती मासे ठेवता येतात, कृत्रिम आमिषच चालतं का, एकतोंडी गळच हवा का, हे सगळं त्यात असतं आणि एकाच नदीच्या दोन टप्प्यांना वेगळे नियम असू शकतात.

पुढच्या उत्तरांत मात्र ‘सुरुवातीचा हंगाम’ म्हणजे पाणी साधारण 3 ते 9 अंश सेल्सिअस असतानाचे दिवस. कॅलेंडर काहीही म्हणो, माशाला पाणी कळतं.

तापमानाला एवढं महत्त्व का?

ट्राउट थंड रक्ताचा प्राणी आहे. पाणी जितकं गार, तितकं त्याचं शरीर संथ चालतं. पचन मंदावतं, त्यामुळे एकदा पोट भरलं की बराच वेळ पुरतं आणि एका घासासाठी लांब धावणं त्याला परवडत नाही. पाणी 4 अंशांच्या खाली असेल तर तो खातो, पण अगदी तोंडापुढून गेलेलंच. 6-7 अंशांच्या आसपास हालचाल दिसू लागते. 10 ते 16 अंश हा ब्राउन आणि रेनबो या ट्राउटच्या दोन्ही जातींचा खाण्यापिण्याचा सुकाळ. 20 अंशांच्या वर त्यांना त्रास व्हायला लागतो, पण ती उन्हाळ्यातली चिंता.

थोडक्यात, थंड पाण्यातला मासा ल्यूरचा पाठलाग करेल हे गृहीत धरायचं नाही. ल्यूर त्याच्याजवळ न्यायचा आणि तिथे जितका वेळ टिकवता येईल तितका टिकवायचा. या पानावरची बहुतेक उत्तरं याच एका गोष्टीतून निघतात.

म्हणजे थर्मामीटर विकत घ्यायचा?

हो. पेटीतल्या दहाव्या स्पिनरपेक्षा (फिरत्या पात्याच्या ल्यूरपेक्षा) तो जास्त कामाचा. दोरीला बांधून वाहत्या पाण्यात, सावलीत, दोनेक मिनिटं धरा. काठालगतच्या उथळ, उन्हाने तापलेल्या पाण्यात मोजलंत तर आकडा फसवा येईल. सकाळी एकदा आणि दुपारी एकदा मोजायची सवय लावा. आकड्यापेक्षाही तो चढतोय की उतरतोय हे जास्त सांगून जातं. 5 वरून 7 वर गेलेलं पाणी बहुतेक वेळा 9 वरून 7 वर आलेल्या पाण्यापेक्षा चांगलं मासे देतं.

पहाटे उठून जावं का?

या दिवसांत निवांत उठा. पहाटेचं पाणी दिवसभरातलं सगळ्यात गार असतं. साधारण अकरापासून दुपारी चारपर्यंतची वेळ बरी.

एक अपवाद आहे आणि तो पुष्कळांना चकवतो. नदी बर्फाच्या पाण्यावर चालत असेल तर ऊन तापल्यावर वरचं बर्फ वितळतं आणि दुपारनंतर बर्फगार पाण्याचा लोंढा खाली येतो. पाणी चढतं, गढुळतं, आणि ऐन उन्हात तापमान घसरतं. बर्फ जितकं दूर तितका हा लोंढा उशिरा पोहोचतो. अशा नदीवर सकाळी उशिरा सुरुवात करून लोंढा येण्याआधी आटपायचं. काठावरच्या एखाद्या दगडाला पाणी कुठपर्यंत टेकलंय ते आल्या आल्या बघून ठेवा. अर्धा तास झाला की परत बघा. पाणी चढू लागलंय हे त्या दगडावरून लगेच कळतं.

ढगाळ, उबदार हवा आणि हलका पाऊस असेल तर तो दिवस सोडू नका. पावसाचं पाणी बर्फाच्या पाण्यापेक्षा उबदार असतं, शिवाय काठावरचे किडे आणि गांडुळं घेऊन येतं.

नदीत मासा असतो कुठे?

उन्हाळ्यात ट्राउट खळखळत्या धारेत सापडतो, कारण तिथे प्राणवायू भरपूर आणि खाद्य सतत वाहत येतं. थंड पाण्यात प्राणवायूची ददात नसते. 5 अंशांच्या पाण्यात लिटरमागे जवळपास 12.8 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 20 अंशांच्या पाण्यात 9.1 च्या आसपास. त्यामुळे धारेत उभं राहून ताकद घालवायचं त्याला कारणच उरत नाही. तो खोल, संथ जागी जातो.

डोहाचं उदाहरण घेऊ. वर धार डोहात शिरते तिथे पाणी वेगात असतं. ती जागा सध्या सोडा. धारेच्या दोन्ही बाजूंना, वेगवान आणि संथ पाणी जिथे एकमेकांना घासून जातं, तिथे पाण्यावर एक रेघ दिसते. फेस आणि काडीकचरा त्या रेघेवरून सरकत असतो. रेघेच्या संथ बाजूला, तळाशी, मासा थांबलेला असतो. धारेतून येणारं खाद्य हाताशी आणि मेहनत कमी, असा हिशोब. दुसरी जागा डोहाच्या पोटात, सगळ्यात खोल भागाच्या जरा अलीकडे, जिथे तळ खाली उतरत जातो. तिसरी मोठ्या दगडांची. दगडाच्या मागे मासा असतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण दगडाच्या पुढेही पाणी अडून एक मऊ उशी तयार होते आणि तिथेही मासा असतो. चौथी, पाण्याने पोखरलेल्या काठाखालची कपार. विशेषतः ब्राउन ट्राउटला ती फार प्रिय.

डोहाचं शेपूट, म्हणजे पाणी परत उथळ होऊन निसटतं तो भाग, थंडीत बहुधा रिकामा असतो. दुपारी पाणी तापल्यावर आणि नदीत किडे उमलू लागल्यावर मात्र तिथे एखादी चक्कर मारून बघा.

जिथे तळातून झरा फुटतो किंवा झऱ्याचा ओढा येऊन मिळतो ती जागा सोन्याची. भूजलाचं तापमान वर्षभर फारसं बदलत नाही, त्यामुळे थंडीत ते नदीपेक्षा उबदार असतं.

आणि तलावात?

तलावात गणित उलटं होतं. बर्फ नुकतंच सरलेल्या तलावात मासे काठाजवळ, उथळ पाण्यात येतात. काळ्या गाळाच्या तळाचे उथळ कोपरे ऊन शोषून आधी तापतात आणि तिथले किडे आधी जागे होतात. वारा ज्या काठाकडे वाहतो त्या काठाला वरचं तापलेलं पाणी ढकललं जातं, म्हणून तोंडावर वारा झेलत ल्यूर टाकायची तयारी ठेवा. ओढा तलावाला मिळतो ते मुखही बघण्यासारखं. सुरुवातीला पाण्यात उतरूच नका. मासे अनेकदा तुम्ही उभे राहणार असता नेमके तिथेच असतात.

पाणी गढूळ आणि चढलेलं असेल तर परत फिरायचं का?

चहाच्या रंगाचं आणि अजून चढत असलेलं पाणी असेल तर परत फिरा. पाणी उतरू लागलंय आणि हातभर खोलीवरचा तळ दिसतोय, असं असेल तर उलट ती संधी आहे. गढुळात मासा कमी बुजतो, धार टाळण्यासाठी काठाला चिकटतो आणि जरा मोठा, जास्त थरथरणारा ल्यूर घेतो. ट्राउटच्या अंगावरून लांबट जाणारी संवेदनांची रेषा पाण्यातली कंपनं टिपते, त्यामुळे दिसत नसलं तरी त्याला पात्याचं फिरणं जाणवतं.

काठी, रीळ आणि तंगूस कोणता घ्यावा?

1.8 ते 2.1 मीटरची हलकी स्पिनिंग काठी, जी 2 ते 8 ग्रॅमचे ल्यूर सहज फेकेल. झाडी दाट असलेल्या ओढ्यावर आणखी आखूड चालेल. रीळ 1000 ते 2500 मापाचं. तंगूस साधा नायलॉनचा, 0.16 ते 0.20 मिलिमीटर जाडीचा, एवढ्यावर शिकायला सुरुवात करा.

धाग्यांची वेणी घालून केलेल्या दोरीने ल्यूरची प्रत्येक हालचाल हाताला कळते हे खरं, पण ती ताणत नाही. नवशिक्याचा झटका सरळ माशाच्या तोंडावर बसतो आणि तोंड फाटून गळ निघतो. शिवाय ती पाणी धरून ठेवते आणि कडाक्याच्या थंडीत गोठते. वेणीची दोरी वापरायचीच असेल तर पुढे मीटर-दीड मीटर फ्लुरोकार्बनच्या तंगुसाचा तुकडा जोडा.

रिळाचा ड्रॅग, म्हणजे ताण वाढला की तंगूस सोडणारा ब्रेक, तंगुसाच्या ताकदीच्या चौथाई ते तिहाईवर लावा. हाताने ओढून बघा. तंगूस गुळगुळीत सुटला पाहिजे, अडखळत नाही.

पहिला ल्यूर कोणता?

फिरत्या पात्याचा स्पिनर, 0 ते 2 क्रमांकाचा. मेप्स या कंपनीचे स्पिनर 1938 पासून आहेत आणि त्या आकारात फारसं काही बदलावं लागलेलं नाही. शिकणाऱ्यासाठी त्याचा मोठा गुण हा की तो नीट चालतोय की नाही हे हाताला लगेच कळतं. दोन स्पिनर, एक चंदेरी आणि एक तांब्याच्या रंगाचा, एक 4-5 ग्रॅमचा स्पून (डुलणारी धातूची पट्टी), एक 5 सेंटिमीटरचा बुडणारा वॉबलर (छोट्या माशासारखा ल्यूर) आणि दोन-तीन जिग (जड डोक्याचे गळ). एवढी पेटी एका हंगामाला पुरते. याहून जास्त असलं की माणूस मासे शोधण्याऐवजी ल्यूर बदलत बसतो.

स्पिनर नीट कसा चालवायचा?

यावर जरा सविस्तर सांगतो, कारण बाकी सगळं याच्यावर उभं आहे.

स्पिनर पाण्यात पडला की पातं दांड्याला चिकटलेलं असतं. तंगूस ताणून मनगटाने एक छोटासा झटका द्या. पातं उघडतं आणि फिरायला लागतं. काठीच्या टोकाला बारीक, एकसारखी थरथर येते. ही थरथर म्हणजे तुमचा काटा. ती थांबली तर पातं थांबलंय, गवत अडकलंय किंवा मासा तोंडात घेऊन तुमच्याकडे पोहतोय.

आता वेग. थंड पाण्यात नियम एकच, पातं फिरत राहील इतक्या किमान वेगाने ओढायचं. घरून निघण्याआधी नाही, तर काठावर पोहोचल्यावर पायाशी, स्वच्छ पाण्यात स्पिनर धरून बघा. हळूहळू ओढा आणि पातं कुठल्या वेगाला बंद पडतं ते डोळ्यांनी पाहा. त्याच्या एक पायरी वरचा वेग तुमचा. बहुतेकांना हा वेग हास्यास्पद वाटावा इतका संथ असतो.

मग दिशा. नदीला आडवा किंवा किंचित खालच्या दिशेला फेका, जरा बुडू द्या आणि तंगूस ताणलेला ठेवून प्रवाहालाच तो कमानीत आपल्या काठाकडे आणू द्या. पातं प्रवाहच फिरवतो, त्यामुळे रीळ जेमतेम चालवावं लागतं. स्पिनर माशाच्या नाकासमोरून आडवा, सावकाश सरकतो. कमान संपून तो सरळ तुमच्या खाली आला की लगेच गुंडाळू नका. पाच-सात सेकंद तिथेच लटकत ठेवा. मागे मागे आलेला मासा बऱ्याचदा इथे घेतो.

प्रवाहाच्या वरच्या दिशेला फेकणं उन्हाळ्यातल्या उथळ, निवळ पाण्यात फार प्रभावी असतं, कारण मासा प्रवाहाकडे तोंड करून असतो आणि तुम्ही त्याच्या पाठीमागे राहता. पण तेव्हा स्पिनर प्रवाहापेक्षा जास्त वेगाने ओढावा लागतो, नाहीतर पातं फिरतच नाही. 5 अंशांच्या पाण्यात तो वेग माशाला झेपत नाही. अगदी मंद पाण्याचा डोह असेल तरच तसं करा.

ल्यूर किती खोल गेलाय हे कसं कळणार?

मोजून. ल्यूर पाण्याला टेकला की मनात आकडे मोजायला लागा. तंगूस अचानक सैल पडला की ल्यूर तळाला बसला. समजा आठ मोजले. पुढच्या फेकीला सातवर ओढायला घ्या. आता तो तळापासून वीतभर वर चालतोय. प्रत्येक नव्या जागी हे एकदा करायचं. मासे तळाशी असताना पाण्याच्या मधल्या थरातून फिरणारा ल्यूर म्हणजे गच्चीवर वाढलेलं जेवण, खालच्या घरात कोणाला पत्ताही नाही.

स्पून आणि स्पिनरमध्ये फरक काय पडतो?

स्पून डुलतो, फिरत नाही. जाड स्पून लांब जातो आणि भरकन बुडतो. पातळ स्पून संथ डोलतो आणि थंडीला जास्त मानवतो. स्पूनची खरी कमाल त्याच्या पडण्यात आहे. दोन-तीन फेरे गुंडाळा, थांबा, त्याला पानासारखं डोलत खाली जाऊ द्या, परत उचला. मासा जवळजवळ नेहमी पडतानाच घेतो, म्हणून पडतानाही तंगूस हलकासा ताणलेला हवा. अगदी सैल सोडलात तर मासा तोंडात घेऊन थुंकूनही टाकेल आणि तुम्हाला कळणार नाही.

तलावात काठावरून लांब फेकायचं असेल तर स्पूनला पर्याय नाही.

वॉबलर महाग असतो. घ्यायचा का?

एक घ्या, हात बसल्यावर. फिनलंडच्या लॉरी रापाला यांनी 1936 मध्ये बुचाच्या लाकडातून आपला पहिला वॉबलर कोरला, तो जखमी छोट्या माशाची लडखडती चाल पकडण्यासाठी. आजही वॉबलरचं काम तेच. मोठा ब्राउन ट्राउट थंडीत किड्यांपेक्षा एखाद्या छोट्या माशाला पसंती देतो, कारण एका घासात काम होतं.

सुरुवातीच्या हंगामात तरंगणाऱ्यापेक्षा बुडणारा किंवा पाण्यात आहे तिथेच थबकणारा वॉबलर घ्या. आडवा फेका, खोलीला जाऊ द्या, काठीच्या टोकाने दोन छोटे झटके द्या आणि थांबा. थांबणं महत्त्वाचं. उन्हाळ्यात अर्धा सेकंद, आता दोन-तीन. झटका काठीने द्यायचा, रिळाने फक्त सैल झालेला तंगूस गोळा करायचा. हे दोन हात वेगवेगळे चालायला वेळ लागतो. मोकळ्या, गाळाच्या तळावर सराव करा, दगडात नको.

जिग म्हणजे काय, आणि ती इतक्या उशिरा का सांगताय?

शिशाच्या किंवा टंगस्टनच्या डोक्याचा गळ, त्यावर पिसं किंवा मऊ रबराचा किडा. थंड पाण्यात सगळ्यात जास्त मासे देणारा ल्यूर बहुधा हाच आहे. उशिरा यासाठी की तिला स्वतःची चाल नसते. स्पिनर ओढला की आपोआप काम करतो, जिग तुम्ही चालवाल तशीच चालते.

1.5 ते 3 ग्रॅमची घ्या. प्रवाहाच्या थोडं वर फेका, काठी उंच धरा आणि जिग तळाला मधूनमधून टेकत प्रवाहाच्याच वेगाने खाली जाऊ द्या. ओढायचं नाही, फक्त सैल तंगूस उचलत राहायचं. टकटक, टकटक असं दगडाला लागत जातं. मध्येच ती टकटक थांबली किंवा तंगूस जरा बाजूला सरकला, की काठी उचला. पिसांची जिग नुसती पाण्यात उभी राहिली तरी श्वास घेतल्यासारखी हलते, म्हणून गारठलेल्या माशापुढे ती रबरापेक्षा सरस.

रंगाचा किती विचार करावा?

खोली आणि वेगाचा विचार झाल्यावर उरला तर. निवळ पाणी आणि ऊन असेल तर चंदेरी किंवा फिके, नैसर्गिक रंग. ढगाळ असेल तर सोनेरी, तांब्याचा. गढुळात काळा किंवा भडक पोपटी-पिवळा. काळा ऐकून लोक हसतात, पण गढूळ पाण्यात खालून वर बघणाऱ्या माशाला उजेडासमोर काळी आकृतीच सगळ्यात ठळक दिसते.

मासा ल्यूरच्या मागे येतो, पण घेत नाही. काय करू?

स्पिनर असेल तर थांबवू नका, पातं बंद पडलं की मासा वळतो. त्याऐवजी काठी हळूच बाजूला नेऊन दिशा बदला, किंवा एक फेरा किंचित जलद करून परत संथ व्हा. वॉबलर असेल तर उलट, पूर्ण थांबा. तरी गेला तर त्याच्यावर तेच परत परत मारू नका. दहा मिनिटं डोह तसाच सोडा आणि एक माप लहान ल्यूर किंवा जिग घेऊन या. मासा कुठून निघाला होता ती जागा लक्षात ठेवा, बहुतेक वेळा तो तिथेच परततो.

झटका कळतच नाही, किंवा मासा लागून लगेच सुटतो.

थंडीतला झटका झटका नसतोच. जरा जड वाटतं, ओलं पान अडकल्यासारखं. शंका आली की काठी उचला. मुंडी वर करून जोरात मागे ओढण्याची गरज नाही, मनगट पुरे.

सुटण्याची दोन कारणं नेहमीची. गळ बोथट असतो, किंवा तंगूस सैल पडतो. नखावर गळाचं टोक अलगद टेकवून सरकवा. रुतलं तर धारदार, घसरलं तर घासायला हवं. दगडाळ नदीत हे तासातासाला बघावं लागतं. मासा लागल्यावर काठीचा बाक मोडू द्यायचा नाही. मासा उडी मारू लागला तर काठी बाजूला झुकवा, त्याचं डोकं पाण्यात राहतं.

तीनतोंडी गळ बदलून एकतोंडी लावला तर मासे कमी मिळतात का?

काही सुटतील. पण एकतोंडी गळ तळाला कमी अडकतो आणि लागलेला मासा झटपट मोकळा करता येतो. टोकामागचा उलटा काटाही पकडीने दाबून टाका. पुष्कळ पाण्यांवर हे बंधनकारकच आहे.

तंगुसाला सारखा पीळ पडतो.

स्पिनरची देणगी. ल्यूरच्या आधी चांगला बेअरिंगवाला लहान स्विव्हल (गोल फिरणारी कडी) लावा. पीळ पडलाच असेल तर ल्यूर काढून मोकळा तंगूस वाहत्या धारेत सोडा आणि थोड्या वेळाने गुंडाळा. बराचसा उलगडतो.

काठीच्या कड्यांमध्ये बर्फ साचलं तर?

काठी पाण्यात बुडवून हलवा, बर्फ सुटेल. नखाने खरवडू नका, कड्याच्या आतला गुळगुळीत थर जातो.

पाण्यात उतरणं कितपत सुरक्षित?

या दिवसांत मी म्हणेन, जितकं टाळता येईल तितकं टाळा. थंड पाण्यात पडल्यावर काय होतं याचा ढोबळ ठोकताळा 1-10-1 असा सांगतात. पहिलं 1 मिनिट श्वास ताब्यात राहत नाही, धाप लागते आणि नेमकं तेव्हा पाणी नाकातोंडात जातं. पुढची 10 मिनिटं हातपाय कामाचे राहतात, नंतर बोटं दोरीही पकडू शकत नाहीत. शुद्ध हरपायला साधारण 1 तास लागतो, पण जॅकेट नसेल तर माणूस त्याआधीच हातपाय न चालल्याने बुडतो. म्हणून तरंगणारं जॅकेट घाला. वेडरवर (पाण्यात उतरण्याच्या जलरोधक पोशाखावर) पट्टा कंबरेला घट्ट बांधा, म्हणजे आत पाणी भरायला वेळ लागतो. हातात काठी घ्या, आधाराची.

प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की पायावरचा जोर चौपट होतो. काल ओलांडलेली जागा आज गुडघाभरच दिसत असली तरी तशी नसते. पाय सुटलाच तर पाठीवर व्हा, पाय पुढे खालच्या दिशेला ठेवा आणि तिरकं काठाकडे सरका. जोराच्या धारेत उभं राहायचा प्रयत्न करू नका, पाऊल दगडांत अडकतं. काठालगत बर्फाची पडवी उरली असेल तर तिच्यावर पाय ठेवू नका. खालून पाण्याने ती पोखरलेली असते.

तळाला फिकट, स्वच्छ खडीचे चट्टे दिसतात. ते काय?

ती ट्राउटची घरटी असू शकतात. ब्राउन ट्राउट हिवाळ्याच्या तोंडाशी खडीत खड्डा करून अंडी घालतो आणि पिल्लं वसंतापर्यंत त्या खडीतच असतात. रेनबो बहुधा वसंतात अंडी घालतो, म्हणजे तुम्ही गेलात तेव्हा त्याचं काम चालू असेल. अशा चट्ट्यावरून चालू नका आणि त्यावर जोडीने उभ्या माशांवर ल्यूर टाकू नका. अंडी घालून नुकता मोकळा झालेला मासा लांबट डोक्याचा, पोट आत गेलेला दिसतो. तो कायद्याने ठेवता येत असला तरी सोडून द्या, त्याच्या अंगावर मांसही नसतं.

सोडलेला मासा जगतो का?

थंड पाण्यात जगण्याची शक्यता उन्हाळ्यापेक्षा बरीच चांगली, जर हाताळणी नीट असेल. हात ओले करा, जाळी रबराची वापरा, मासा पाण्यातच ठेवून पकडीने गळ काढा. फोटो हवा असेल तर आधी कॅमेरा तयार ठेवा आणि मासा दहा सेकंदांपेक्षा जास्त वर धरू नका. हवा शून्याखाली असेल तर तेवढंही नको, ओले कल्ले हवेत गोठतात. सोडताना त्याचं तोंड मंद प्रवाहाकडे करून हातात अलगद धरा. स्वतःहून निघून जाईपर्यंत थांबा, ढकलू नका.

एका डोहावर किती वेळ घालवायचा?

उन्हाळ्यात दहा फेकींनंतर पुढे सरकणारा माणूस शहाणा. आता मात्र चांगल्या डोहाला अर्धा तास द्या. वरून खाली एकेक पाऊल सरकत, प्रत्येक जागेवरून जवळची, मधली आणि लांबची फेक. एकदा स्पिनर, मग जिग. एक मासा लागला तर तिथेच थांबा, थंडीत ते अनेकदा एकाच खळग्यात गोळा झालेले असतात. नुकतेच सोडलेले पैदास केंद्रातले रेनबो तर हमखास.

दुसऱ्या नदीवर जाण्याआधी सामान धुवावं लागतं का?

लागतं. बूट, वेडर, जाळी यांच्या ओलाव्यातून डिडिमोसारखी शेवाळं आणि माशांचे रोग एका नदीतून दुसरीत जातात. बुटाच्या नमद्याच्या तळात ओल फार काळ राहते, म्हणून न्यूझीलंडने 2008 मध्ये ट्राउटच्या मासेमारीत असे तळ बंद केले. चिखल आणि गवत नदीवरच काढा, घरी धुवा, पूर्ण वाळू द्या आणि वाळल्यावरही दोन दिवस थांबा. ल्यूरही पेटीत ओले बंद करू नका. एका गंजलेल्या गळाचा डाग शेजारच्या चार ल्यूरना लागतो.